सातव्या दिवसाची तपासणी

"मिश्री लावता का?" असं तिनं विचारलं तेव्हा हे माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत यांनीच उत्तर दिलं.

"कुणाला विचारताय डॉक्टर? आमच्या बाई तंबाखूमुक्त शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. फाटकासमोरची पानटपरी यांनी स्वतः उभं राहून हलवायला लावली. पेपरात फोटो आला होता."

ती हसली नाही. केसपेपरवरच्या त्या रकान्यावर पेन तसंच धरून तिनं माझ्याकडं बघितलं.

"छे," मी म्हटलं.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होतील. मी तेव्हा चौपन्न वर्षांची होते, आणि माझे वरचे उजवीकडचे चार दात हलत होते. पेरू खाताना कळ निघायची. सकाळी चूळ भरली की पाणी लाल. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की दात चांगले आहेत, पण त्यांना धरून ठेवणारं खालचं सगळं सैल झालंय; हिरडी उघडून आतून साफ करावी लागेल. त्यांनीच जिल्ह्याच्या दंत महाविद्यालयात पाठवलं. तिथं माझी केस जिच्याकडं आली ती ही. संघमित्रा वाठोरे. हिंगोलीकडची. दातांची डॉक्टर होऊन हिरड्यांच्या विभागात पुढचं शिकत होती. सव्विसेक वर्षांची, बारीक अंगाची, मास्क काढला की नाकावर चष्म्याचे आणि गालांवर मास्कच्या दोऱ्यांचे वळ दिसायचे.

तिनं यांना एक्स-रेच्या फॉर्मवर शिक्का आणायला पाठवलं. हे गेल्यावर दिवा माझ्या तोंडावर ओढला, छोट्या आरशाच्या कडेनं ओठ बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिली. मग आरसा बाहेर काढून हळू आवाजात म्हणाली, "बाई, मला दिसतंय आतल्या बाजूला."

मी पदरानं तोंड पुसलं.

"माझी माय लावते. म्हणून मला लगेच कळतं. किती वर्षं झाली?"

"चौदाव्या वर्षापासून," मी म्हटलं. "दाढ दुखत होती म्हणून आईनं बोटावर दिली."

"दिवसातून किती वेळा?"

"तीनदा. कधी चारदा."

हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की आमच्यात बायका मिश्री लावत नाहीत. मी सोडली म्हणून सांगितलं, आणि बत्तीस वर्षं चोरून लावली. शाळेत कपाटाच्या खालच्या खणात डबी असायची, त्याची किल्ली माझ्याकडं. घरी बेसनाच्या डब्यामागं दुसरी. साखर कारखान्याच्या नोकरीत मळीचा वास घेऊन घेऊन यांचं नाक जवळजवळ गेलेलं होतं, त्यामुळं निभावलं. तंबाखूमुक्त शाळेचं अभियान आलं तेव्हा तालुक्यात सगळ्यात जास्त मेहनत मीच घेतली. पोरांच्या प्रभातफेऱ्या काढल्या, घोषणा लिहिल्या, पालकांना उभं करून सगळ्यांपुढं बोलले. आणि फेरी संपली की ऑफिसात जाऊन दार लोटून घ्यायचे.

"सोडावी लागेल बाई," ती म्हणाली. "सोडल्याशिवाय ऑपरेशन करून उपयोग नाही. जखम भरत नाही, टाके धरत नाहीत."

"सोडते. पण ते लिहू नका."

"लिहावं लागतं. विभागाचे सर रकाना-रकाना वाचतात."

"आमचे हे सगळे कागद फायलीला लावतात. पाहुण्यांना दाखवतात. बत्तीस वर्षांनी त्यांना असं कागदावर वाचायला लागलं तर…" मग मी जे म्हटलं ते मला अजून शब्दाशब्दानिशी आठवतं. "आजपासून बंद. शिक्षिकेचा शब्द आहे."

तिनं पेन टेबलावर ठेवलं, परत उचललं. बाहेर व्हरांड्यात यांचा आवाज ऐकू येत होता, कुणाला तरी शिक्का कुठं मिळतो ते विचारत होते.

"ही माझी या वर्षातली महत्त्वाची केस आहे," ती म्हणाली. "दर आठवड्याला फोटो काढून सरांपुढं मांडायचीय. तंबाखू आहे असं लिहिलं तर ते ही केस मला करूच देणार नाहीत, तुम्हाला आधी सहा महिने थांबायला सांगतील. तोपर्यंत हे दात राहायचे नाहीत." ती थोडा वेळ माझ्या एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटाकडं बघत बसली. "तुमच्या शब्दावर लिहिते बाई."

तिनं रकान्यात लिहिलं, नाही.

पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं. आदल्या रात्रीपर्यंत मी मिश्री लावत होते. ऑपरेशनपासून बंद, असा मी माझ्यापुरता हिशेब केला होता. दोन तास लागले. दुखलं काहीच नाही. ती मधूनमधून सांगत होती, "आता पाणी मारते. आता थोडा आवाज येईल. आता टाके." शेवटी तिनं गुलाबी रंगाचं लुकणासारखं काहीतरी मळून टाक्यांवर दाबून बसवलं. त्याला ती पॅक म्हणायची. हा पॅक आठवडाभर हलता कामा नये.

घरी कसं वागायचं ते तिनं एका फुलस्केप कागदावर स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. आज काही गरम नाही. चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, लाळ गिळायची. गालावर बाहेरून बर्फ, वीस मिनिटं लावायचा, वीस मिनिटं काढायचा. उद्यापासून औषधी पाण्याची गुळणी दोन वेळा, तोंडात नुसतं धरायचं, खळखळवायचं नाही. उजवीकडं ब्रश नाही, चावायचं डावीकडून. ओठ ओढून आरशात बघायचं नाही. बोट लावायचं नाही. झोपताना दोन उशा. तंबाखू, मिश्री, सुपारी अजिबात नाही. ही ओळ सगळ्यांच्याच कागदावर असते, असं तिनं यांच्यादेखत मुद्दाम सांगितलं.

त्या कागदात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या. घरी गेल्यावर मी त्या लाल पेनानं दुरुस्त केल्या.

यांनी माझं फार केलं, हे सांगितलं पाहिजे. आयुष्यात कधी गॅसजवळ न गेलेला माणूस, पण त्या आठवड्यात नाचणीची पेज करायला शिकले. ती ताटलीत ओतून पंख्याखाली ठेवायचे आणि बोट बुडवून बघायचे. भात मिक्सरमधून काढायचे. बर्फाच्या वेळा पाळायला घड्याळ समोर ठेवून बसायचे. वीस मिनिटं झाली की म्हणायचे, "काढ." पुन्हा वीस झाली की, "लाव." शेजारीपाजारी कुणी आलं तर कागद दाखवून एकेक कलम वाचून दाखवायचे.

आणि रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा.

"वाठोरे बोलतेय बाई. सूज किती आहे? गुळणी झाली? पॅक जाग्यावर आहे ना?" आणि शेवटी, जरा थांबून, "आणि ते?"

"बंद," मी म्हणायचे.

चार दिवस ते खरं होतं. डोकं जड झालं होतं, पोट साफ होत नव्हतं, यांनी पेजेत मीठ कमी टाकलं म्हणून मला रडू आलं होतं. पण बंद होती. मला स्वतःचंच नवल वाटायला लागलं होतं.

पाचव्या दिवशी शुक्रवारी हे दळण आणायला गेले. मी ओट्याशी उभी होते. बेसनाचा डबा समोरच्या फळीवर होता. मी स्वतःला समजावलं की डावीकडं लावायला काय हरकत आहे, ऑपरेशन उजवीकडं झालंय. एकदाच, पोट साफ होण्यापुरती. डबी उघडली. वासानंच डोळ्यांत पाणी आलं.

पण मिश्री एका बाजूला राहत नाही. तोंडात पाणी सुटतं, ते सगळीकडं फिरतं. उजवीकडं पॅकच्या कडेला आत कुठंतरी चुणचुणायला लागलं. जिभेनं ढकललं तर कडा जरा उचललेली लागली. आणि चाळीस वर्षांची सवय म्हणून असेल, माझं बोट तिकडं गेलं. पॅकच्या खाली शिरलं आणि घासायला लागलं. काहीतरी पट्कन सुटल्यासारखं झालं. तोंडात खारट चव आली. मी बेसिनमध्ये थुंकले तर तपकिरी पाण्यात लाल धार.

पॅक मी अंगठ्यानं परत दाबून बसवला. औषधी पाण्याच्या तीन गुळण्या केल्या, खळखळून. बेसिन धुतलं.

सहाला फोन आला. "आणि ते?"

"बंद."

"शाब्बास बाई," ती म्हणाली. मी पोरांना म्हणायचे तसंच. "पहिला आठवडाच अवघड असतो. माझ्या मायला तुमचं सांगणार आहे मी."

शनिवारी मी दोनदा लावली. एकदा सुटलं म्हटल्यावर धरवेना. रविवारी गाल सुजला आणि तोंडाला वास यायला लागला. यांना वास आला नाही, पण सूज दिसली. ते बर्फ घेऊन बसले आणि मला विचारत राहिले, "पेज गरम होती का गं? माझं चुकलं का काही?"

"नाही," मी मानेनं म्हटलं.

सोमवारी तपासणीला गेलो. संघमित्रानं फोटो काढायला कॅमेरा तयार ठेवला होता. माझा गाल बघून ती हातमोजे घालायला लागली. पॅक काढायला तिला चिमट्याचा नुसता स्पर्श करावा लागला. तो आपसूक सुटून आला. आतली बाजू तपकिरी झाली होती. ती त्याकडं बघत राहिली. मग माझ्या तोंडात बघितलं. मग माझ्या डोळ्यांत. मी छताकडं बघत होते.

ती तो पॅक कापसात गुंडाळत होती तेवढ्यात मागून आवाज आला. "दाखव इकडं."

विभागप्रमुख डॉक्टर मिराशी. उंच, पिकलेल्या मिशांचे. त्यांच्यामागं पाच-सहा शिकाऊ डॉक्टर होते. त्यांनी वाकून माझ्या तोंडात पाहिलं.

"दोन टाके सुटलेत. हिरडी उघडी पडलीय, पू झालाय. आणि हे तपकिरी काय आहे?" त्यांनी केसपेपर मागून घेतला. "तंबाखू, नाही. मग हे काय आहे, वाठोरे?"

तिनं केसपेपरवरचं स्वतःचं अक्षर बघितलं.

हे पुढं झाले. "सर, चहा असेल. मी कोमट करून देतो रोज."

मिराशींनी यांच्याकडं लक्ष दिलं नाही. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. "बाई, खरं सांगा. रागावणार नाही. मिश्री, तपकीर, काही?"

"अहो सर," हे म्हणाले, आणि मला कळलं की आता ते काय सांगणार आहेत. त्यांनी सगळं सांगितलं. अभियान, टपरी, पेपरातला फोटो, कलेक्टरांच्या हातून मिळालेलं प्रमाणपत्र. सगळे शिकाऊ डॉक्टर माझ्याकडं आदरानं बघायला लागले. त्यांतली एक मुलगी माझ्याकडं बघून हसलीसुद्धा. यांचं बोलून झाल्यावर मिराशी पुन्हा मला म्हणाले, "मी तुम्हाला विचारतोय."

संघमित्रा माझ्या उजव्या हाताला उभी होती. तिच्या हातात तो कापूस होता.

"नाही," मी म्हटलं.

मिराशींचा विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही. पण कागदावर नाही होतं आणि आता तोंडानंही नाही झालं होतं. ते उठले.

"म्हणजे टाके सैल होते," ते तिच्याकडं वळून म्हणाले. "गाठ नीट बसली नाही, पॅक धरला नाही, आणि आत सगळं शिरलं. बरोबर?"

आता ती सांगेल असं मला वाटलं. तिनं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. मी तिलाच खोटं पाडलं असतं. मला खात्री आहे.

"हो सर," ती म्हणाली. "माझेच टाके सैल पडले."

"एका बाईचे चार दात तू धोक्यात घातलेस. ही केस बाद. तीन महिने ऑपरेशनला हात लावायचा नाही. खाली हत्यारं निर्जंतुक करण्याच्या खोलीत बस, आणि रोज शंभर गाठी बांधून मला दाखव."

हे सगळं तिच्या बरोबरच्या मुलांपुढं. मग त्यांनी स्वतः माझी जखम धुतली आणि नवे टाके घातले. ती लाळ ओढून घेणारी नळी धरून उभी होती. मला ठसका लागू नये म्हणून ती नळी बरोबर जिभेखाली सरकवत होती, आणि माझ्या हनुवटीवर ओघळ आला की दुसऱ्या हातानं टिपत होती. तिचा हात अजिबात हलत नव्हता.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर हे चप्पल घालता घालता म्हणाले, "आडनाव वाचलंस का तिचं? आपली तोंडं द्यायची असल्यांच्या हातात. सवलतीवर आलेली पोरं ही, काय गाठ मारणार."

त्यांचा आवाज मुळातच मोठा आहे. दार अर्धं उघडं होतं. आत ट्रेमध्ये हत्यारं आवरल्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

माझ्या वर्गात कुणी असं बोललं असतं तर मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं असतं. मी पदर तोंडावर धरला आणि पायऱ्या उतरायला लागले. तोंडात टाके आहेत, डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय, असं मनाशी म्हणत.

त्या दिवशी सहाला फोन वाजला. मला वाटलं नव्हतं वाजेल म्हणून.

"वाठोरे बोलतेय. रक्त थांबलं का?"

"हो."

"औषधाची गोळी घेतली? दुसरी रात्री जेवण झाल्यावर. आज गुळणी नाही, उद्यापासून. दोन उशा घ्या."

"हो."

मी वाट बघत होते. पण शेवटचा प्रश्न तिनं विचारला नाही. "ठेवते," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी बेसनाच्या डब्यामागची डबी काढली आणि मागच्या अंगणात, जिथं हे बसून वर्तमानपत्र वाचत होते, तिथं त्यांच्यासमोर ठेवली. टाक्यांमुळं नीट बोलता येत नव्हतं, तरी सगळं सांगितलं. सासूबाईंपासून ते सकाळच्या 'नाही'पर्यंत. हे ऐकत राहिले. डबी उचलून बघितली, झाकण उघडून नाकाशी नेली, आणि वास येत नसल्यामुळं परत ठेवली.

"बत्तीस वर्षं?" एवढंच विचारलं.

मी मान हलवली.

मग म्हणाले, "झालं ते झालं. आता कुणाला सांगत बसू नको. तुझी साडेतीन वर्षं राहिलीत नोकरीची."

"त्या मुलीचं काय?"

"तिचं काय, तरुण आहे. तीन महिन्यांनी होईल सगळं सुरळीत." मग उठून पेज टाकायला आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी टपरीची गोष्ट कुणाला सांगितली नाही. माझ्याशीही त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत, अजूनपर्यंत.

मिश्री त्या दिवशी सुटली ती सुटली. त्याबद्दल मला काही सांगावंसं वाटत नाही. चांगल्या रीतीनं सुटली नाही.

पुढच्या सोमवारी मी एकटीच गेले. टाके एका दुसऱ्या मुलानं काढले, घाईघाईत, मोबाइलवर कुणाशी तरी बोलत. मी त्याला विचारलं, वाठोरे डॉक्टर कुठं भेटतील? खाली, म्हणाला.

तळमजल्याला जिन्याखालून एक बोळ जात होता. शेवटची खोली. आत दोन मोठी यंत्रं वाफेचा आवाज करत होती आणि भयंकर उकडत होतं. ती टेबलाशी पाठमोरी बसून धुतलेले चिमटे मोजून कागदी पाकिटांत भरत होती. समोर भिंतीला एक जाड कापडाचा तुकडा खिळ्यांनी ठोकला होता आणि त्यावर काळ्या दोऱ्याच्या गाठी होत्या, ओळीनं, एकसारख्या.

"डॉक्टर," मी म्हटलं.

ती उठली. मला बघून तिनं पहिल्यांदा माझ्या गालाकडं बघितलं. "सूज उतरली," म्हणाली.

पिशवीत मी तिच्यासाठी एक साडी आणली होती. ती बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही. मी उभ्याउभ्याच, घरून घोकून आणलेलं बोलायला लागले. "मी आत्ता वर जाते. मिराशी सरांना भेटते आणि सगळं सांगते. तुम्ही मला विचारलं होतं, मी सांगितलं होतं, मीच लिहू नका म्हटलं. सगळी चूक माझी. लेखी देते पाहिजे तर."

"नको बाई."

"मला झोप नाही गं."

"नको. आता सांगितलंत तर मी केसपेपरवर खोटं लिहिलं हे सिद्ध होईल. सैल टाक्याला तीन महिने आहेत. खोट्या कागदाला माझं वर्ष जाईल, कदाचित कॉलेजही." तिच्या आवाजात राग नव्हता. औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसं सांगत होती. "ते मी माझ्या हातानं लिहिलं होतं. त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही."

यंत्राची वाफ सुटली. तिनं आवाज थांबेपर्यंत वाट बघितली.

"मी गावाकडं मायला सांगितलं होतं तुमचं," ती म्हणाली. "एक बाई आहेत, शाळेच्या हेडमास्तर, चाळीस वर्षांची सवय सोडली म्हणून. तिनं तेव्हापासून एक वेळची बंद केली."

"मी त्या वेळी घाबरले," मी म्हटलं. "हे होते तिथं. ती सगळी पोरं होती. मिश्रीचं नाव माझ्या तोंडून कसं निघणार होतं?"

"नाव कशाला काढायला पाहिजे होतं?" ती म्हणाली. तिला खरोखरच कळत नसावं असं तिनं माझ्याकडं बघितलं. "खाज सुटली म्हणून बोट घातलं, एवढंच म्हणायचं होतं बाई. पॅक हलला, टाके माझ्याच बोटानं तुटले, असं. बास. सर तुम्हाला जरा रागावले असते. कित्येक पेशंट घालतात बोट, रोज कुणीतरी येतंच. तेवढं म्हटलं असतं तर माझं काही झालं नसतं, आणि तुमचंही काही गेलं नसतं. मी तिथं उभी राहून वाट बघत होते. मला वाटत होतं, आता म्हणतील."

सात दिवस मी या एका गोष्टीवर विचार करत होते, पण हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इतकी साधी वाट होती, आणि ती खरीही होती. बोट मीच घातलं होतं. त्या खुर्चीत बसून मी सगळ्या बाजूंनी फक्त स्वतःला बघत होते. तिला कसं सोडवता येईल हा विचार मी क्षणभरसुद्धा केला नव्हता, म्हणून तो सुचला नव्हता.

"बसा," ती म्हणाली. "तोंड बघू द्या एकदा."

तिनं हात धुतले, मोजे घातले, मला खिडकीजवळच्या लोखंडी स्टुलावर बसवलं आणि उजेडाकडं तोंड करायला सांगितलं. मी तोंड उघडलं. तिचं बोट हिरडीवरून हळूहळू मागं सरकत गेलं, आणि शेवटच्या दाढेपाशी थांबलं.

"एक दोरा राहिलाय. कुणी काढले टाके?"

मला सांगता येईना. तोंड उघडं होतं.

तिनं कात्रीचं पाकीट फोडलं. "जरा टोचेल," म्हणाली. टोचलं नाही. दोऱ्याचा काळा तुकडा तिनं कापसावर ठेवला, हिरडी पुन्हा एकदा दाबून बघितली, चारही दात एकेक करून हलवून बघितले.

"धरतायत. भरतंय चांगलं," ती म्हणाली. "आजपासून मऊ ब्रश, वरून खाली. जोर लावायचा नाही. मीठ-पाण्याच्या गुळण्या अजून आठ दिवस. महिन्यानं वर दाखवायला या, तिथं जे कुणी असेल त्याला."

तिनं मोजे काढले. "झालं. आता बोलू शकता."

मी तोंड मिटलं. ती समोर उभी होती, हात पुसत, मी काय म्हणते ते ऐकायला थांबली होती. मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मग ती परत टेबलाशी जाऊन चिमटे मोजायला लागली.